लक्ष्मीचा गज

माझी बायको इंदू होती तोवर हे मी लिहिलं नसतं. मेलेल्या माणसाबद्दल वाकडं लिहू नये असं तिचं म्हणणं, आणि अण्णांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण आता इंदूही गेली. घरात मला गप्प बसवणारं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर मोठं आणि वाकडं, नातीच्या उरलेल्या वहीत एकेक शब्द दोन-दोन ओळी खातो. ज्याला वाचवेल त्यानं वाचावं.

आमचं गाव खालापूरच्या बाजूला, शिळफाट्यापासून पायी तासाभराचं. भाताची खाचरं, आई लवकर गेलेली, घरात बाबा, मी, धाकटी यमू आणि आम्हाला वाढवणारी विधवा आत्या. मिसरूड फुटायच्या सुमारास बाबांनी मला शिळफाट्यावर अण्णांच्या कापडदुकानात नेऊन उभा केला. म्हणाले, "अण्णा, ह्याचा जीव शेतात नाय. तुमच्याकडं ठेवा. मारलंत तरी मी विचारायला यायचा नाय." अण्णांनी माझा हात धरून पालथा केला, उताणा केला, बैलाचा खूर बघावा तसा बघितला. "हात थरथरतो का रं?" "नाय." "मग ऱ्हा. जेवायला काय खातोस?" मी म्हटलं, "काय पन." अण्णा आत तोंड करून ओरडले, "अगं ए, एक काय पन खानारा आलाय, पान वाढ!" आतून काकूंचं हसू ऐकू आलं. असा मी त्या घरात गेलो.

पुढं दुकान आणि मागं घर, मधे एक निळा पडदा. अण्णा आणि काकूंना मूलबाळ नव्हतं. सकाळी चहाबरोबर तांदळाची भाकरी, दुपारी भात आणि वालाचं बिरडं, बाजारच्या दिवशी सुके बोंबील भाजलेले. बोंबील भाजायला लागले की तो वास पडद्यातून पुढं येई, आणि अण्णा गिऱ्हाइकाला म्हणत, "वहिनी, कापडाला वास लागायच्या आत घ्या, नायतर नवरा म्हणंल हे घातलंय की खाल्लंय!" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि एक खण जास्त घेऊन जायच्या. काकू मला अण्णांच्याच पंगतीला बसवायच्या, भात दुसऱ्यांदा मागावा लागायचा नाही. आईच्या हातचं जेवण मला आठवत नाही. काकूंच्या हातचं आठवतं. हे लिहिताना आवडत नाही, पण खरं ते खरं.

दुकानाचे आवाज अजून कानात आहेत. तागा गादीवर आपटून उलगडला की धप, धप, धप, पोटात बसणारा आवाज. मांजरपाटाचं जाडं कापड कापत नसत, फाडत. कडेला कात्रीनं बोटभर चीर द्यायची, दोन्ही हातांत दोन टोकं धरायची आणि श्वास रोखून ओढायचं. कापड आपल्या सुतानं सरळ फाटत जातं. पॉपलीनला मात्र कात्री. अण्णांनी मला पहिला महिनाभर कात्रीला हात लावू दिला नाही, नुसतं सूत ओढायला लावलं. आडवा एकच धागा नखानं उचलायचा आणि हळू ओढायचा, तो निघाला की कापडावर केसासारखी रेघ उमटते, त्या रेघेवर कात्री चालवायची. "माप डोळ्यानं नाय, सुतानं," अण्णा म्हणत. "आनि कात्री थांबवायची नाय. थांबलास की कडेला दात पडले." सहा महिन्यांत माझी कात्री ताग्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एका दमात जाऊ लागली. बाया म्हणू लागल्या, "त्या काशाला सांगा कापायला." वार जाऊन मीटर आलेला, बायांना पटत नव्हता. त्या वारातच मागायच्या आणि मी मनात हिशेब करून मीटरवर कापायचो, एकदाही चुकलो नाही. रोजच्या कापडाला माप झालं की वर दोन बोटं सोडायची आणि मग कापायचं, हा अण्णांचा नियम. ती दोन बोटं बघूनच गिऱ्हाईक परत यायचं. पायरी चढल्याबरोबर पाणी, बाई लेकुरवाळी असेल तर पोराच्या हातात चिंधीची बाहुली. खोपोलीपासून खालापूरपर्यंत अण्णांच्या दुकानाचं नाव होतं, आणि थोडं माझंही झालं होतं. माझ्या बापजन्मात आमच्या घरातल्या कुणाला नाव असं नव्हतं.

आता गजाचं सांगतो. रोजच्या मापाला सरकारी शिक्क्याची लोखंडी मीटरपट्टी होती. लग्नाच्या बस्त्याला मात्र ती चालत नसे. बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी दुकानात येऊन लग्नाचं सगळं कापड घेतात, नवरीच्या साड्यांपासून मामाच्या मुंडाशापर्यंत, आणि शेवटी सगळ्याचं एक गाठोडं बांधतात. त्या दिवशी अण्णा आंघोळ करून देव्हाऱ्यातून लाल फडक्यात गुंडाळलेला गज काढत. शिसवी लाकूड, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, अंगावर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा थर. तोही मीटरचाच, पण सगळे त्याला लक्ष्मीचा गज म्हणत. माणसं त्याला हात जोडत. त्याचे तीन नियम होते. एक, त्याला लोखंड लागू द्यायचं नाही, म्हणून माप घेऊन खडूची खूण करायची, गज बाजूला फडक्यावर ठेवायचा आणि मगच कात्री घ्यायची. दोन, लक्ष्मीचं माप पुरं असतं, त्यावर दोन बोटं सोडायची नाहीत. तीन, गाठोड्याला हळदकुंकू लागलं की ते लग्नघरातच सोडायचं, आणि त्यातलं कापड पुन्हा कुणी मोजायचं नाही. हा तिसरा नियम अण्णांनी काढलेला नव्हता, तो आमच्याकडं पहिल्यापासूनच होता. ओटीत पडलेलं, बस्त्यात बांधलेलं मोजायचं नसतं. मोजलं तर बरकत जाते.

दुसऱ्या वर्षी अण्णांनी तो गज माझ्या हातात दिला. मी त्या रात्री आत्याला सांगायला घरी चालत गेलो होतो. पुढची तीन वर्षं आसपासच्या जवळपास प्रत्येक गावचा बस्ता माझ्या हातानं कापला गेला. गजाच्या मधोमध लाकडाला एक खोक होती, तिथं माझा अंगठा बसायचा. तीन वर्षांत ती खोक माझ्या अंगठ्याची झाली.

यमूची सोयरीक अण्णांनीच जमवली. पोशीरचे पाटलांसारखे राहणारे एक शेतकरी, अण्णांच्या जुन्या ओळखीचे, त्यांचा थोरला मुलगा. आम्हाला एवढं मोठं घर मिळालं नसतं. बाबा अण्णांच्या पाया पडायला वाकले, तेव्हा अण्णांनी त्यांना वरच्यावर धरलं. "अवो, काशा माझा पोरगाच हाय. मग यमू कोन माझी?" काकूंनी डोळे पुसले. मीही पुसले.

बस्त्याच्या दिवशी आमची बारा माणसं आणि पोशीरची चौदा. अण्णांनी सगळ्यांना चहा, कांदाभजी आणि दुपारी पान वाढलं. नेहमीच वाढत, पण त्या दिवशी जिलबीही होती. आत्या गादीवर ऐसपैस बसून एकेक तागा नाकारत होती. "हा हिरवा नाय, हा शेवाळाचा रंग हाय."

"आक्का, शेवाळ नाय, मोरपंखी म्हनतात," अण्णा म्हणाले.

"मोर बघितलाय मी. मोर असा आजारी नसतो."

सगळं दुकान हसलं. यमू मान खाली घालून बसली होती, तिलाही हसू आवरेना. व्याही म्हणाले, "ही आत्या पोशीरला येनार असंल तर पोरगी नको, आत्याच द्या." आत्या म्हणाली, "मला न्यायला दोन बैल जास्त लागतील, जमतंय का बघा." अशा गोष्टी चालल्या होत्या आणि मी माझ्या बहिणीचं कापड कापत होतो. नवऱ्या मुलासाठी दोन सदऱ्यांचं पॉपलीन, पायजम्याचं कापड आणि कोटाचं जाड कापड. गज ठेवायचा, खोकेत अंगठा, खडूची खूण, गज फडक्यावर, मग कात्री. आयुष्यात इतकं सरळ मी पुन्हा कधी कापलं नाही. बाबा शेजाऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघ, माझा पोरगा." असं ते एकदाच म्हणाले.

लग्नाला बारा-तेरा दिवस होते. एका सकाळी व्याही दुकानात आले, बरोबर बाबा. व्याह्यांनी त्यांना आमच्या गावातून उठवूनच आणलं होतं, पायात वहाणही नव्हती. आणि त्यांच्यामागं एक मुलगी, सतरा-अठराची, काळीसावळी, गळ्यात शिंप्याची टेप आणि काखेत गाठोडं. ती पोशीरच्या शिंप्याची मुलगी. शिंपी खाटेवर पडला होता, म्हणून नवरदेवाचे कपडे ती शिवायला बसली होती. बसायच्या आधी तिनं कापड मोजलं आणि व्याह्यांच्या घरी जाऊन सांगितलं की कोट होणार नाही, कापड कमी आहे. व्याह्यांनी आधी तिलाच चोर ठरवलं. म्हणाले, तूच कापून ठेवलंस. तिनं उत्तर दिलं, चला, जिथून आणलं तिथं चला, मी येते. म्हणून आली होती. तीच पुढं माझी इंदू.

अण्णांनी आधी पाणी मागवलं. "बसा, बसा. कापड नवं हाय, भिजवल्यावर आटतं. शिंप्याच्या घरच्याला म्हाईत पायजे."

"भिजवलं नाय," इंदू म्हणाली. "बाबा भिजवून मग मोजतात. मी पैल्यांदाच शिवतेय, भ्याले, म्हनून कोरडंच मोजलं."

पुढं मला वेळोवेळी वाटत आलं आहे की ती भ्याली नसती तर हे कधीच कुणाला कळलं नसतं. सगळे शिंपी कापड भिजवून मग मोजत. कमी भरलं की म्हणत, आटलं. दोन बोटं आटली, चार आटली, कोण भांडत बसतो? शिवाय बस्त्याचं कापड. बाह्या थोड्या आखूड, दुमड थोडी बारीक, लग्न पार पडतं.

तिनं गाठोडं सोडलं आणि चारही कापडं गादीवर पसरली. अण्णांनी मला लोखंडी पट्टी घ्यायला सांगितली. मी मोजलं. कोटाचं तीन मीटर असायला हवं होतं, सहा बोटं कमी. सदऱ्यांचं अडीच-अडीच, दोन्हींत पाच-पाच बोटं कमी. पायजमा दोन मीटर, चार बोटं कमी. कापलेली कड बघितली तर माझीच होती, सुतावरून गेलेली, एक दात नाही.

व्याही म्हणाले, "अण्णा, तुमच्या शब्दावर मी ही सोयरीक केली. लग्नाआधी कापडात काटछाट, मग लग्नानंतर कशात करतील ही मानसं? दुकान तुमचं, पन कापनारा नवरीचा भाऊ. मी सुपारी परत करायला आलोय." बाबा पायरीवर खाली बसले.

तेव्हा इंदू बोलली. व्याह्यांशी नाही, अण्णांशी नाही, कापडाकडं बघत बोलली. "हात चुकला की कुठं कमी पडतं, कुठं जास्त होतं. हितं चारी कापडांत मीटरमागं दोनच बोटं. कड बघा किती सरळ हाय. कापनाऱ्याचा हात खरा हाय. माप खोटं हाय."

मला अजून आठवतं, मला आधी रागच आला. लक्ष्मीच्या गजाला खोटं म्हणणारी ही कोण? मीच म्हणालो, "अण्णा, गज आना. ह्यांना दाखवा." मला वाटलं गज येईल, खोटं पडेल ते पडेल, आणि सगळं नीट होईल.

अण्णा स्वतः आत गेले. एरवी देव्हाऱ्यापर्यंत जाऊन यायला दहा पावलं. त्या दिवशी वेळ लागला. लाल फडकं घेऊन आले, गज काढला, कपाळाला लावला. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो लोखंडी पट्टीला चिकटवून ठेवला. टोकाला टोक. या टोकाला बरोबर, त्या टोकालाही बरोबर. केसाचाही फरक नाही.

लोखंडाला लावला! गजाला लोखंड लागलं म्हणून त्यांनी एकदा माझ्या कानाखाली मारली होती. मी गजाकडं बघितलं. कुंकू ओलं होतं, माझ्या बोटाला लागलं. मधोमध अंगठा फिरवला. लाकूड गुळगुळीत. खोक नव्हती.

दुसरा गज होता. घडवून, पितळ लावून, आत ठेवलेला. असा दिवस कधीतरी येणार हे ठाऊक असल्याशिवाय माणूस असं करत नाही.

अण्णा माझ्याकडं बघत होते. डोळ्यांत भीती नव्हती, राग नव्हता. काकू जास्तीचा भात वाढताना बघतात तसं मायेनं बघत होते. म्हणाले, "काशा, लेकरा, चुकलास. बहिनीच्या लग्नाच्या आनंदात खूण सरकली. होतं असं. सांगून टाक की चुकलो. कापड मी नवं देतो, सगळं, माझ्याकडनं. काय व्याही?"

व्याही बाबांकडं बघू लागले, बाबा माझ्याकडं. माझ्या तोंडात शब्द होते, खोक कुठं गेली अण्णा, एवढेच. पण सोयरीक जमवणारे अण्णा. अण्णांना चोर म्हटलं की सोयरीक मोडली, आणि हळद लागायच्या आधी परत आलेली मुलगी आमच्यासारख्या घरात पुन्हा कुठं जाणार? बाबा उठले, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "पाया पड त्यांच्या. त्यांचं अन्न खाल्लंस तू." मी म्हटलं, "बाबा, हात खरा हाय माझा." सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या तोंडात मारली.

मी म्हणालो, "चुकलो." अण्णांच्या पाया पडलो.

अण्णांनी तागा ओढला आणि स्वतः कापायला घेतलं, वर दोन बोटं नाही, चार सोडली. व्याही म्हणाले, "अण्णा, मानूस असावा तर असा." इंदूनं आपली टेप गळ्यातून काढून गुंडाळली. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "खोटं बोलतोस." आणि गाठोडं उचलून पायरी उतरली.

दुपारी पानं वाढली. काकूंनी नेहमीसारखं अण्णांशेजारी माझं पान मांडलं. वालाचं बिरडं होतं. मी बसलो, पण घास उचलेना. म्हटलं, "अण्णा, जुना गज कुठाय?"

अण्णा जेवत राहिले. मग म्हणाले, "बस्त्याला आलेली पंचवीस-तीस मानसं चहा पितात, भजी खातात, जेवून जातात. हात पुसायला नवा रुमाल नेतात. नाव होतं. ते वरनं पडतं काय रं? कुनाचं काय गेलं? दोन बोटं. कुनाला उघडं फिरायला लागलं का?"

"यमूच्या बस्त्यालापन?"

काकूंचा पळीचा हात थांबला. अण्णा पाणी प्याले. "तुझ्या भैनीला दुसरा गज काढला असता तर तुला कळलं असतं."

एवढंच म्हणाले. अगदी सरळ, मला धंदा शिकवत असल्यासारखं. मी काकूंकडं बघितलं. त्यांनी खाली बघून माझ्या पानात भात वाढला, मी मागितला नसताना. त्यांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या गजावर कुंकू कोणी लावलं असेल? अण्णांना देवाचं काही करायचं झालं तर ते काकूच करत. मी हात धुतले आणि त्या पानावरून उठलो. पुन्हा त्या घरात गेलो नाही.

चालत घरी जाताना मला एकेक लग्न आठवत होतं. कुणाची मुलगी, कुणाचा पोर. कुणा म्हाताऱ्यानं गजाला हात जोडलेले, कुणा बाईनं मला "किती सरळ कापतोस रं बाबा" म्हणून ओंजळभर बोरं दिलेली. ते सगळं मी कापलं होतं. मला ठाऊक नव्हतं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण कात्री माझ्याच हातात होती.

यमूचं लग्न थाटात झालं. अण्णा आणि काकू पहिल्या रांगेत बसले होते. गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. माझं नाव पडलं दोनबोट्या. पानटपरीवर तंबाखू मागितली की पोरं म्हणत, "दोन बोटं कमी दे रं ह्याला!" बाबांनी वर्षभर माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही, आणि कापड मरेपर्यंत अण्णांकडूनच घेतलं. शेवटी त्यांच्या अंगावर घातलं ते कापडही तिथलंच होतं. मी त्यांना खरं सांगितलं होतं, दोनदा. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "तुझा बाप मी हाय की तू माझा?" पुढं मी खोपोलीत कारखान्याला लागलो आणि तिथंच निवृत्त झालो. मशीनवर हाताचं कौशल्य लागत नव्हतं, बटण दाबायचं. बरं वाटायचं.

पहिल्या दिवाळीला यमूला माहेरी आणायला मुराळी म्हणून मी पोशीरला गेलो. यमू सुखात होती, मला बघून रडली, तिला काहीच ठाऊक नव्हतं आणि मी कधी सांगितलंही नाही. ती कपडे आवरेपर्यंत मी गावात फिरत शिंप्याच्या दाराशी गेलो. इंदू मशीनवर बसली होती. पाय न थांबवता म्हणाली, "काय वो, चुकलेले?"

"चुकलो नव्हतो."

"म्हाईत हाय. गज कुठं गेला?"

मी उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. खोक, ओलं कुंकू, लोखंड, ते पान. तिचं मशीन मध्येच थांबलं होतं. सगळं झाल्यावर म्हणाली, "मला वाटलंच. पन तुमी त्या दिवशी बोलायला हवं व्हतं. मी येवढ्या लांब आले ती कशापायी?" मी म्हटलं, "बहिनीसाठी." ती म्हणाली, "मला पन चोर म्हनले व्हते." पुढं संसाराच्या सगळ्या वर्षांत भांडण झालं की ती कधीकधी एवढंच म्हणायची, "तुमी बोलला नाय."

आमच्या लग्नाला बस्ता बांधला नाही. जातीची माणसं कुरकुरली, शिंप्याची मुलगी शेतकऱ्याच्या घरात म्हणून दोन्हीकडची कुरकुरली, ते वेगळंच. इंदूनं आपली चोळी आपणच कापली, माझा सदराही तिनंच. पण त्यानंतर मला एक खोड लागली ती लागलीच. घरात कापड आलं की मी मोजायचो. तिची टेप घ्यायची आणि मोजायचं. साखर आली की तोलून बघायची, रॉकेल आलं की बाटली उजेडात धरायची. दुकानदार ओळखीचा असला तर आधी मोजायचो. मुलाचा शाळेचा गणवेश दुकानातच मोजला, तो लाजून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. कोणी जेवायला आग्रह केला की माझ्या मनात येतं, ह्याचा दुसरा गज कुठाय? चांगल्या माणसांकडंही मी असंच बघितलं. काही चांगली माणसं त्यामुळं गेली.

इंदू शिवायचं कापड माझ्यापेक्षा बारकाईनं मोजायची. पण ओटीचं कापड मी मोजायला घेतलं की ओरडायची. तिच्या डोहाळजेवणाचा खण मी मोजायला घेतला तेव्हा तिनं माझ्या हातातून टेप हिसकावून घेतली. "ठेवा ती! कुनी प्रेमानं दिलंय. मोजायचं नसतं."

मी म्हटलं, "तूच मोजलं नसतंस तर आज मी तिथंच असतो."

"ते शिवायचं व्हतं. हे ओटीतलं हाय. तुमाला फरकच उरला नाय बघा."

दरवेळी हेच. चाळीसेक वर्षं तेच भांडण, तेच शब्द. मी टेप घ्यायचो, ती ओरडायची, मी ठेवायचो. आता वाटतं, तिनं ओरडावं म्हणूनच मी घेत होतो की काय, कुणास ठाऊक.

ती माझ्याआधी गेली. कुंकवानिशी गेली म्हणून बाया म्हणाल्या, भाग्याची. मला त्यात भाग्य दिसलं नाही. हिरवी साडी आणली, ओटी भरायला खण आणला. मुलगा खोपोलीतून घेऊन आला, कुठल्या दुकानातून ते मी विचारलं नाही. बाया तिला न्हाऊ घालत होत्या, कुणी तांदूळ आणि नारळ ताटात ठेवत होतं. मी उठलो, मशीनच्या खणातून तिची टेप काढली. तिचे आकडे घासून पुसट झाले आहेत, पहिली काही बोटं तर दिसतच नाहीत. यमू म्हणाली, "दादा, काय करतोयस?" मुलगा म्हणाला, "बाबा, नका." शेजारीण तोंडाला पदर लावून कुजबुजली, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

मी ताटातून खण उचलला, गुडघ्यावर पसरला आणि मोजला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पुरा होता. कापणाऱ्यानं वर दोन बोटं सोडली होती.

मी टेप तशीच धरून बसलो. "ठेवा ती" असं म्हणायला आता कोणी नव्हतं.